स्कॉटलंडचे तांडेवाले

दिग्रसला शाळेत विज्ञान शिकवायची नवी नोकरी लागली आणि मी खोली शोधत हिंडायला लागले. घरमालकांच्या प्रश्नांनी डोकं उठलं होतं. लग्न झालं का, कधी करणार, मटण शिजवणार का, भेटायला येणारा भाऊ सख्खाच का. उन्हाचा कडाका, घशाला कोरड, आणि वर ही चौकशी! एका घराचं दार उघडलं ते पांढऱ्या मिशीच्या एका उंच, सडसडीत म्हाताऱ्यानं. हातात जाडजूड अ‍ॅटलास, मधल्या पानात बोट अडकवलेलं. बसा म्हटलं नाही, नाव विचारलं नाही.

"गाव कोन्तं?"

"बोरखेडी. नेरकडची."

"बोरखेडीचं नाव कोनं ठेवलं?"

मी आधीच तापलेली. म्हटलं, "मले काय मालूम? मी होती का तवा?"

ते असे काही हसले की आतून त्यांच्या बायकोनं हाक मारली, "काय पडलं जी?"

"काई नाई पडलं. खोली गेली!" ते ओरडले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "इतके भाडेकरी आले, पन 'मले मालूम नाई' म्हननारी तूच पयली. बाकीचे निरे फेकतात. चाल, शिमला दाखवतो."

शिमला म्हणजे गच्चीवरची खोली. वर पत्र्याचं छत. मे महिन्यात त्या शिमल्यात मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक. पण घरातल्या प्रत्येक जागेला त्यांनी असं नाव दिलं होतं आणि त्यात गंमत कमी, सिद्धान्त जास्त होता. न्हाणीघराचं नाव मारवाड, कारण तिथल्या नळाला पाणी क्वचितच यायचं. जिना म्हणजे घाट. मागच्या दारी कण्हेरीखाली दोन खुर्च्या मांडलेल्या, ते काश्मीर. सगळं दिग्रस त्यांना सर म्हणायचं, त्यांच्या बायकोला काकू. पाहुणे आले आणि काकू दिसल्या नाहीत तर सर सरळ सांगायचे, "मारवाडात गेली हाय, येईनच." पाहुणा बिचारा विचारायचा, एकट्याच गेल्या का, गाडी कोणती धरली. काकू ओल्या केसांनी बाहेर यायच्या आणि पाहुण्याचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं.

"मानूस नव्या जागी आला की त्याले करमत नाई," सर सांगायचे. "मंग तो जुन्या जागेचं नाव नव्या जागेले लावते. तेवढ्यानंच त्याले झोप लागते."

"मारवाड नाव देल्यानं झोप लागते, पानी नाई लागत," काकू म्हणायच्या. "यायच्या घरातलं मीठ सरलं हे यायले मालूम नसते. पन शंभर वर्सापयले मीठ कोन्त्या रस्त्यानं आलं ते इचारा. घडाघडा सांगतीन."

हे खरंच होतं. सर जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि बंजारा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणतात. कुठल्या वाटेनं लदेणी जायची, बैल कुठं बसायचे, कुठल्या माळाला काय नाव पडलं, हे सगळं सरांच्या तोंडावर. माणसांना ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत, गावानं मारायचे. मी बोरखेडी. दूधवाला सिंगद. समोरचा शिंपी आर्णी. काकूंचं माहेर पुसदकडचं, म्हणून काकू म्हणजे पुसद. "पुसद, च्या ठेव!" असं ते ओरडले की पहिले काही दिवस मला वाटायचं, हा माणूस अख्ख्या तालुक्याला चहा करायला सांगतो आहे.

रोज सकाळी ते बसस्टँडवर जाऊन बसायचे. कुठं जायचं म्हणून नाही. गाड्यांचे बोर्ड वाचायला. एखाद्या गाडीला नवीन गावाचा बोर्ड दिसला की खिडकीशी जाऊन प्रवाशाला धरायचे, "भाऊ, हे नाव कोनं ठेवलं?" वाहकांना सवय झाली होती. कोणी नवा प्रवासी घाबरला तर वाहकच सांगायचा, "घाबरू नका, सर हायेत. मालूम असन तं सांगा, नसन तं नाई म्हना. फेकू नका, मंग ते उतरूच देत नाईत."

आणि स्कॉटलंड! सरांचा कुठलाही जुना विद्यार्थी दिग्रसच्या कापूस बाजारात भेटू दे, जिनिंगचा मालक असो की तिथला हमाल, त्याला बाकीचा भूगोल आठवो न आठवो, स्कॉटलंड आठवतोच. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला तो तास जसाच्या तसा करून दाखवला होता. सर भिंतीवर जगाचा नकाशा लावायचे. एक पाय स्टुलावर. हातात वेताची छडी, ती फक्त नकाशाला लागायची.

"हे स्कॉटलंड. डोंगर, थंडी, पाऊस. अथं गरीब लोक राहत होते. मंग जमीनदारायनं काय केलं? म्हने, मानसापेक्षा मेंढ्या बऱ्या. मानसं हाकलून देली आन् मेंढ्या ठेवल्या. ते लोक जहाजात बसले, कोनी कॅनडाले गेलं, कोनी ऑस्ट्रेलियाले, कोनी न्यूझीलंडले. सोबत काय नेलं? भांडी नेली, बायबल नेलं, आन् नाव नेलं! हे पाहा, हे पर्थ स्कॉटलंडमंधी. आन् हे पर्थ ऑस्ट्रेलियामंधी. न्यूझीलंडमंधलं हे डनीडिन. एडिंबरा शहराचं त्यायच्या जुन्या बोलीतलं नाव हाय ते. पोट्ट्याहो, हे कोन होते मालूम हाय? हे गोऱ्यायतले तांडेवाले होते! त्यायले मेंढ्यायनं हाकललं, आपल्याले रेल्वेनं. रेल्वे आली, बैलायचं काम गेलं, मंग आपन जथी बसलो तथी तांडा झाला."

परीक्षेत 'स्कॉटलंडविषयी माहिती लिहा' असं आलं तेव्हा निम्म्या वर्गानं लिहिलं की तिथं बंजारा लोक राहतात. बाहेरून आलेल्या तपासनिसानं हात कपाळाला लावला. सरांनी सगळ्यांना पूर्ण गुण द्या म्हणून वाद घातला.

माझं लग्न पुसदच्या मुलाशी ठरलं. सर आणि काकू लग्नाला आले. अक्षता पडल्या, आम्ही स्टेजवर उभे, खाली आहेराची पाकिटं घेतलेल्या माणसांची रांग. सर वर आले, मला आशीर्वाद दिला, आणि माझ्या सासऱ्यांकडं वळले. मी मनात म्हटलं, झालं!

"तुमी मूळचे कुठले?"

"पुसदचेच," सासरे म्हणाले.

"मूळचं कोनीच कुठलं नसते भाऊ. त्याच्या आधी?"

सासऱ्यांनी त्यांच्या थोरल्या भावाला हाक मारली. भावानं आत्याला बोलावलं. फोटोग्राफर ओरडतो आहे, "स्टेज खाली करा, स्टेज खाली करा!" रांग खोळंबलेली. आत्याबाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवून सांगितलं की आपला खापरपणजोबा पैनगंगेच्या पलीकडून, कळमनुरीकडून आला होता म्हणे. सर उडालेच. "तुमच्या एखाद्या वावराले कळमनुरी म्हनता का?" आणि काय सांगू, माझ्या सासरी नाल्याजवळचं एक शेत आहे, त्याला सगळे कळमनुरीचं वावरच म्हणतात! का म्हणतात ते कुणीच कधी विचारलं नव्हतं. सासरे इतके खूश झाले की त्यांनी स्टेजवरच सरांना मिठी मारली. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीपेक्षा त्या मिठीचे फोटो चांगले आले आहेत.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मजेशीर म्हातारा, झालं. पण या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती, आणि ती मला काकूंनी सांगितली.

सरांचा तांडा आर्णी आणि दिग्रसच्या मधे, रस्ता सोडून आत. तांड्याची जुनी रीत अशी की जो नाईक, म्हणजे तांड्याचा मुख्य, तांडा वसवतो त्याचंच नाव तांड्याला. सरांच्या आजोबांचं नाव हरचंद नाईक. बैलं घेऊन फिरायचं सोडून ते तिथं बसले आणि हरचंद नाईक तांडा झाला. त्यांच्याच सोबतीनं आलेले रूपला नाईक. दोघांचं कशावरून तरी फाटलं आणि रूपला नाईक नाल्याच्या पलीकडं गेले. तो रूपला नाईक तांडा. तेव्हापासून दोन होळ्या, दोन पंगती, होळीला लेंगी गायची तीही नाल्याच्या दोन काठांवरून, एकमेकांना ऐकू जाईल इतक्या जोरात.

सरकारी कागदावर मात्र तांडा नव्हताच. दोन्ही तांडे शेजारच्या मोठ्या गावाचा भाग. रेशन आणायला तिथं, मुलांच्या शाळेला तिथं, बसही तिथूनच वळायची. आता दोन्ही मिळून एक स्वतंत्र महसुली गाव व्हायचं ठरत होतं. एकच अट. नाव एक पाहिजे, आणि ते ग्रामसभेनं एकमतानं ठरवलं पाहिजे.

सरांचे थोरले भाऊ तांड्याचे नाईक. त्यांना सर 'भिया' म्हणायचे. वडील लवकर गेले तेव्हा भियानं शाळा सोडली, नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. बोलणं अगदी कमी. फेटा, हातात काठी, आणि बोललेच तर एखादं वाक्य, ते मात्र वजनाचं. ग्रामसभेच्या आधी ते दिग्रसला आले होते. काश्मीरात बसून चहा घेतला आणि म्हणाले, "म्या नांगर धरला, तू भूगोल शिकला. आता तुहा भूगोल आज्याच्या कामात येऊ दे. यष्टीच्या बोर्डावर आज्याचं नाव पाहून मंग मी डोळे मिटीन."

सर म्हणाले, "भिया, मलेबी तेच पाहा लागते." ते खरंच होतं. रोज स्टँडवर जाऊन जगाचे बोर्ड वाचणाऱ्या माणसाला एकच बोर्ड पाहायचा होता.

पहिली ग्रामसभा म्हणजे तमाशा झाला. सर भाषणाला उभे राहिले, आजोबांच्या येण्याचा मार्ग सांगायला लागले. तेवढ्यात पलीकडचे ओरडले, "आमचे रूपला नाईक काय विमानानं आले होते का?" कुणीतरी समेटासाठी म्हटलं, हरचंद-रूपला नगर ठेवू. मग रूपला-हरचंद का नाही, यावर धक्काबुक्की. एका शिकलेल्या मुलानं 'सुंदरनगर' सुचवलं, त्याला दोन्हीकडच्यांनी मिळून गप्प बसवलं. तेवढंच काय ते एकमत. ग्रामसेवकानं चहा संपवला आणि सांगून गेला, "पुढच्या सभेत नाव नाही ठरलं तर प्रस्ताव परत जाईल. मग पुन्हा कधी येईल ते मी सांगू शकत नाही."

त्या दोन सभांच्या मधे पर्थहून फोन आला.

सरांचा एक विद्यार्थी कॉम्प्युटरच्या कामाला ऑस्ट्रेलियात गेलेला. पर्थला बदली झाली तसा त्यानं मोठ्या हौसेनं सरांना व्हिडिओ कॉल केला. लग्नानंतरही मी शाळेसाठी पुसदहून दिग्रसला येतच होते, त्या दिवशी जेवायला सरांकडं थांबले होते. पोराची तब्येत, नोकरी, बायको काही नाही, सरांचा पहिला प्रश्न, "टेसनावर नाव कसं लिवलं हाय? दाखव." पोरानं बिचाऱ्यानं बाहेर जाऊन स्टेशनचा बोर्ड दाखवला. सर फोनला हात जोडायचेच बाकी.

मग तो म्हणाला, "सर, एक सांगू? गोरे येन्याच्या आधीपासून अथी लोक राहत होते. त्यायचं ह्या जागेले येगळंच नाव हाय. आता कार्यक्रम असला की पयले ते नाव घेतात, मंग पर्थ म्हनतात. तुमी वर्गात हे सांगतलं नव्हतं."

सरांनी फोन आणखी जवळ धरला. मग म्हणाले, "मले मालूमच नव्हतं रे. म्हनजे म्या तुमाले अर्धंच शिकवलं का?"

फोन ठेवला आणि सर जेवायला बसले. अर्ध्या पोळीवरच हात धुतला. काकूंनी ओव्याचं पाणी दिलं, तेही पिऊन टाकलं, कशासाठी म्हणून विचारलं नाही. शेवटी माझ्याकडं पाहून म्हणाले, "बोरखेडी, म्या साऱ्या जगाले इचारलं. माह्या तांड्याच्या जागेले आमच्या आधी काय म्हनत होते, हे कोनालेच नाई इचारलं."

"मग विचारा की," मी म्हटलं. "कोणाला विचारायचं?"

"तेच तं! ते वरच रायतात!"

तांड्याच्या वर, टेकडीच्या खांद्यावर कोलामांची वस्ती आहे. त्या वस्तीला पोड म्हणतात. तिथली एक म्हातारी दिग्रसच्या बाजारात बांबूच्या टोपल्या विकायला बसायची. सरांच्या घरातल्या सगळ्या टोपल्या तिच्याच हातच्या.

पुढच्या रविवारी माझ्या स्कूटीवर मागं बसून सर पोडावर गेले. चढावर स्कूटी धापा टाकायला लागली की उतरून पायी चालायचे आणि वर मलाच घाई करायचे. म्हातारी अंगणात बसून बांबूच्या कामट्या सोलत होती. सरांनी राम राम केला.

"आजी, आमचा तांडा हाय, त्या जागेले तुमी काय म्हनता?"

"मोहपानी म्हनतो," तिनं कामटीवरची नजर न काढता सांगितलं.

"काहून?"

"मोहाचं झाड होतं ना मोठं. बुडाशी झिरा होता. आता तुमी तथी विहीर खंदली, नाल्याकाठी. तुमचे लोक बैलं घेऊन आले तवा तहानेनं मरून राह्यले होते. आमच्या आज्यानं त्यायले झिरा दाखवला. दाखवला म्हनून बसले ना तथी, नाई तं गेले असते आपल्या वाटेनं." मग तिनं मान वर केली. "तुमाले कोनी सांगतलं नाई?"

"म्या इचारलंच नाई, आजी."

"टोपल्या तं लय नेल्या!" म्हातारी खोखो हसली. "भाव करू करू नेल्या!"

सरही हसले. पण उतरताना ते नाल्याकाठच्या विहिरीशी थांबले. ज्या विहिरीचं पाणी नाल्याच्या दोन्हीकडचे लोक पितात ती तीच. हरचंद नाईक आले तेव्हा रूपला नाईक सोबतच होते. दोघांनी एकाच झिऱ्याचं पाणी प्यायलं होतं.

घरी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी एकच विचारलं, "भियाले सांगसान का आधी?"

"आधी सांगतलं तं भिया मले बोलू देनार नाई."

"आन् सभेत सांगतलं तं भिया तुमच्याशी बोलनार नाई. कधीच."

"हाव," सर म्हणाले. "ज्यानं माह्यासाठी शाळा सोडली त्याच्यापुढं उभं राहून मले आज्याचं नाव खोडा लागन, पुसद." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

दुसरी सभा देवळासमोरच्या ओट्यावर भरली. मी काकूंसोबत बायकांत बसले होते. या वेळी पलीकडचे तयारीनं आले होते, हातात रूपला नाईकांचा हार घातलेला फोटो. भिया ओट्याच्या कडेला काठीवर हात टेकून बसलेले, नजर सरांवर. सर उभे राहिले. पांढरा फेटा बांधला होता, आवाज मात्र वर्गातलाच.

"आज्याचं नाव सांगाले उभा हावो. हरचंद नाईक माहा आजा. त्याच्यावानी मानूस मी पाह्यला नाई. पन तो तहानेनं मरत होता तवा त्याले ह्या जागेवर पानी कोनं दाखवलं? पोडावरच्या लोकायनं. रूपला नाईकालेबी त्यायनंच दाखवलं. आमचा आजा आन् तुमचा आजा एकाच दिवशी, एकाच झिऱ्यावर वंजळीनं पानी प्याले. त्या झिऱ्याचं नाव तवाच होतं. मोहपानी. त्यायनं पानी देलं, आन् आपन त्यायले कधी नाव सुदा नाई इचारलं. म्या साऱ्या जगाचा भूगोल शिकवला, माह्या विहिरीचा नाई शिकलो. म्हनून मी म्हनतो, गावाचं नाव मोहपानी ठेवा."

 मग पलीकडचा, फोटो धरलेला माणूसच उठला. मला वाटलं, आता पेटलं. तो म्हणाला, "आमच्या घरीबी म्हतारे सांगत की पानी दुसऱ्यानं दाखवलं. नाव मालूम नव्हतं." आणि त्यानं फोटो हळूच मांडीवर ठेवला.

बायकांतून एक आवाज आला, "दोन नायकायच्या भांडनात आमी रोज एकाच विहिरीवर पानी भरतो. ठेवा विहिरीचं नाव. कोनाचं जाते?" आणि मग हशा. खळखळून, दोन्हीकडून. ग्रामसेवकानं तेवढ्यात घाईघाईनं हात वर करायला सांगितलं, हो, हसू ओसरलं तर काय घ्या! हात वर झाले. एकच हात खाली होता. सगळी सभा भियाकडं पाहायला लागली. एकमत पाहिजे होतं.

भियानं काठी मांडीवर घेतली. आणि हात वर केला.

फटाके फुटले, गुलाल उडाला, नाल्याच्या दोन्ही काठांनी एकत्र लेंगी गायली, होळी नसताना. सर त्या गर्दीतून भियाकडं गेले. भिया उठले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "ठराव खरा हाय. पन तुवा आज्याले बेघर केलं." आणि निघून गेले.

गाव झालं. वस्तीत रेशन दुकान आलं, बस आत यायला लागली. बोर्डावर 'मोहपाणी' लिहिलेली गाडी स्टँडवर लागली तेव्हा वाहकानं मुद्दाम सरांना हाक मारली. सर पाहायला गेले नाहीत. घरात बसून राहिले. दिवाळी आली, भिया आले नाहीत. होळीला सर तांड्यावर गेले, भियाच्या पायाला हात लावला, भियानं पाय मागं घेतला नाही, पण बोललेही नाहीत. काकू म्हणाल्या तेच झालं. सरांनी स्टँडवर जाणं सोडलं. मला बोरखेडी म्हणायचंसुद्धा विसरायला लागले, माझ्या नावानं हाक मारायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही.

असा पाऊस सरत आला. एका रविवारी मी माझ्या लेकीला घेऊन सरांकडं आले होते. दुपारची वेळ. फाटक वाजलं आणि फेटा बांधलेले भिया आत आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेढ्याचा पुडा. सर उभेच राहिले. काकू पाणी आणायला धावल्या. भिया कण्हेरीखालच्या खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, घाम पुसला.  माझी लेक पेढ्याच्या पुड्याभोवती फिरत होती.

"नातवाले पोट्टं झालं," भिया म्हणाले.

"चांगलं झालं भिया," सर म्हणाले.  "बाळंतीन बरी हाय ना?"

"बरी हाय. बारसं केलं काल. नातसुनेनं काईतरी विवान का काय काढून ठेवलं होतं. म्या म्हटलं, शाळेत काय लिवाचं ते लिव. घरात हरचंद."

सरांनी तोंडावर उपरणं घेतलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. काकूही रडायला लागल्या, मग मीही. भिया तेवढे कोरडे. त्यांनी पुडा सोडला, पहिला पेढा माझ्या लेकीला दिला, दुसरा उचलून धाकट्या भावाच्या तोंडात घातला, रडण्याच्या मधेच.

"कायले रडतं बे?" ते म्हणाले. "आजा जिंदगीभर चालनारा मानूस. मी खुळा, त्याले बोर्डावर टांगाले निंगालो होतो, उन्हातान्हात. आता पाय फुटले त्याले. जाईन कुठंबी."